रेडिएटरातली हळद

झाकण उडालं आणि उकळतं पिवळं पाणी माझ्या नवऱ्याच्या तोंडावर आलं. दोन्ही हात डोळ्यांवर दाबून तो रस्त्यातच खाली बसला. मागे ट्रकमध्ये वऱ्हाड होतं. बायका गाणी म्हणत होत्या, त्यांना काही कळलंच नाही.

लग्न माझ्या नणंदेच्या मुलाचं. आम्ही धसईकडून निघून शहापूरजवळ नवरीच्या गावी चाललो होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा वऱ्हाड ट्रकमधूनच जायचं आणि ट्रक आमचा होता. एरवी त्यात भात, पेंढा, नाहीतर म्हसा गावच्या जत्रेला न्यायचे बैल.

गाडी जुनी, सगळीकडून गळायची. सकाळी ती अंगणातून हलली की मी खालचे डाग बघायचे. काळा डाग म्हणजे ऑइल, गंजासारखा म्हणजे पाणी. डिझेलचा तर वासच यायचा. टाकी झिरपली की नवरा माझा कपड्यांचा साबण नेऊन तिच्यावर घासायचा, भेग बुजायची. ऑइल गळलं की लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची पॅकिंग कापून सांध्यात बसवायचा. सारवलेलं अंगण नासवतो म्हणून मी रोज बडबडायचे. आता तिथे लादी आहे, एक डाग नाही. बघण्यासारखंही काही नाही.

रेडिएटर गळला की त्यात थोडी हळद टाकायची. सगळेच ड्रायव्हर टाकायचे. हळद पाण्याबरोबर फिरते आणि बारीक भोकात जाऊन बसते. त्या दिवशीही तो गळत होता, आणि घरातली पूड संपली होती. पण नवरदेवाला लावून उरलेली हळद परातीत होती, तेलात कालवलेली, जाडीभरडी. ती त्याने सगळी ओतली.

"दादा, उष्टी हळद नवरीकडं न्यायची हाय," नणंद म्हणाली.

"नवरीची येगळी काढलीय. ही गाडीची."

सगळे हसले. मीही हसले.

चढ लागला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. भोक बुजलं होतं, पण त्याच्यासोबत रेडिएटरच्या नळ्याही बुजल्या होत्या. पाणी फिरेना, इंजिन तापलं. गाडी थांबवून गार होऊ द्यायची, एवढं त्याला ठाऊक होतं. पण केबिनमध्ये नणंदेचा एकच धोशा चालू होता, "टाइम जातोय दादा. मुहूर्त टळला तं तुझ्या गाडीपायी टळंल." शेवटी त्याने फडकं घेतलं आणि झाकण फिरवलं.

वऱ्हाडाच्या पिण्याच्या पाण्याचं पिंप मी खाली घ्यायला लावलं. त्याचे हात ओढून बाजूला केले आणि तांब्यामागून तांब्या तोंडावर ओतत राहिले. डोळे मिटलेलेच. आमचं घर त्याच्या ड्रायव्हरकीवर चालायचं. डोळे गेले तर काय, याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मागून उतरलेली एक म्हातारी म्हणाली, "हळद लाव गो त्याला, थंडावा पडंल."

"नको," तो खाली मान घालूनच म्हणाला. "हळद बस झाली."

"डोळं उघडा," मी म्हटलं.

"नाय उघडत."

"उघडा म्हणते ना."

आधी एक उघडला, मग दुसरा.

"काय दिसतंय?"

"तुझं तोंड. ओरडतंय."

"मंग दिसतंय."

मागून एक जीप आली. तिच्यात नवरदेवाला पुढे बसवलं, माझ्या नवऱ्याला मागे. एकाला मांडवात उतरवलं, दुसऱ्याला शहापूरच्या दवाखान्यात. मुहूर्त टळलाच, लग्न झालं. मुरबाडच्या मिस्त्रीने रेडिएटर उघडला तेव्हा आतून पिवळा चिखल निघाला. त्याने तो धुऊन, गळती कथलाने झाळून दिली, आणि माझ्या नवऱ्याने पुढे कितीतरी वर्षं तीच गाडी चालवली. गालाची कातडी तेवढी वेगळ्या रंगाची राहिली. तो गेला तो म्हातारपणाने. नणंद आहे, तिचा मुलगा आणि सून आहेत, मी आहे. त्या चढावर कोणी मेलं नाही.