जुन्या ग्रुपवर उरलेले

मलकापुरात एका गृहस्थांचं चष्म्याचं दुकान आहे. बोलता बोलता समोरच्याचा चष्मा ते न विचारताच काढून घेतात आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहतात. आमच्या विज्ञानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काहीही विचारो, त्यांचा व्हॉइस मेसेज ठरलेला: "बरोबर इचारलंस गड्या..."

त्याच त्या बाळबोध प्रश्नांना जाणती मंडळी वैतागली, तेव्हा ॲडमिन म्हणून मी दोन ग्रुप केले, जाणकारांचा आणि नवशिक्यांचा. तुम्हाला कुठं घालू, असं त्यांना विचारलं.

"मी हितंच ऱ्हातो की."

जुन्या ग्रुपवर आम्ही दोघंच उरलो. तरी त्यांचे मेसेज थांबले नाहीत. प्रत्येकात आधी जराशी शांतता, मग "बरोबर इचारलंस गड्या", मग सावकाश, समजावून दिलेलं उत्तर.

न राहवून मी दुकानात गेलो. "अहो, तिथं आता विचारतंय कोण?"

माझा चष्मा त्यांच्या हातात होता. पुसता पुसता म्हणाले, "तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?"

काल सकाळी चहा पिताना सहज मनात आलं, ह्याच्यावर साय का धरते? बोललो कुणाशीच नाही. तेवढ्यात त्यांचा मेसेज आला. लावला, तर सुरुवातीची शांतता नव्हती. चहावर साय का धरते, असं कुणीतरी विचारत होतं, आणि आवाज माझा होता.