सातवा मजला आणि चहाचा ट्रे

परक्या माणसापुढे मी आयुष्यात एकदाच तोंड उघडलं, आणि ते मासिकात छापून आलं.

मी बोलत नाही हे इस्रायलमधल्या अश्दोद शहरातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. दवाखान्यात नर्स माझं नाव पुकारते तेव्हा मी मान खाली घालते, आणि शेजारची बाई "ही, ही!" म्हणून माझा हात वर करते. बसमध्ये उतरायची घंटा दाबायलाही मला लाज वाटते. माझ्या थांब्यावर दुसरं कुणी उतरणारं नसेल तर मी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि चालत परत येते. (अर्धं अश्दोद मी असंच पाहिलं आहे.) कोकणात चौथीला असताना मास्तरांनी कविता म्हणायला उभं केलं. मी रडले. परीक्षा तेवढी दिली आणि शाळेला जो रामराम केला तो केलाच.

घरात मात्र मी वेगळी! त्यातही आम्हा ज्यूंच्या पेसाख सणाच्या आधी. सणात घरात पावाचा कणही राहता कामा नये, म्हणून एकूण एक सामान ओढून मागे झाडायचं. आमचं घर दोन खोल्यांचं. फ्रिज ओढायचा तर टेबल बोळात हवं. टेबल बोळात न्यायचं तर शिवणाचं मशीन गॅलरीत हवं. आणि मशीन गॅलरीत गेलं की कपाट अडतं! दर वर्षी काहीतरी नवीन घेतलेलं असायचं, त्यामुळे गेल्या वर्षीची युक्ती यंदा चालत नसे. एक वस्तू चुकीची सरकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे आणि मुलगा रोनेन ढकलायचे, आणि मी दारात उभी राहून ओरडायची, "यमीना! स्मोला!" म्हणजे उजवीकडे, डावीकडे. (रोनेनला मराठी कळतं, पण हातात कपाट असलं की कळत नाही, म्हणून ही हिब्रू.) एका वर्षी हे न्हाणीघरात असताना मी कपाट नेमकं त्या दाराला लावलं. दोन तास आत होते. मला वाटलं, बाजारात गेलेत.

हे सगळं सांगायचं कारण, रोनेन मोठा होऊन कॉम्प्युटर शिकला आणि त्याने एक खेळ बनवला. दोन वर्षं तो आणि त्याचा मित्र त्यावर खपले. खेळ असा: एक छोटा माणूस तळघरात उतरतो. तळघर सात मजले खोल. प्रत्येक मजल्यावर दगडाचे चौकोनी ठोकळे, ते सरकवून वाट काढायची. ठोकळा ढकलता येतो, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेला तर गेला! मागे भुतं लागलेली, त्यांना तलवारीने मारायचं. माणूस मेला की पुन्हा पहिल्या मजल्यापासून, आणि या वेळी ठोकळे वेगळ्याच जागी मांडलेले.

खेळाचं पहिलं परीक्षण ह्यांनी केलं. हे तीस वर्षं बंदरावर होते.

"पेट्या सरकवायच्या? ही तर हमाली!" हे म्हणाले. "मी आयुष्यभर हेच केलं. मला तर कुणी तलवार दिली नाही."

"अब्बा, हा खेळ आहे," रोनेन म्हणाला.

"मग शेवटी काय मिळतं?"

"सोनेरी दार उघडतं."

"आणि पगार?"

रोनेन कपाळावर हात मारून आत गेला.  माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी "छान" म्हटलं असतं.

मग रोनेनला तीन आठवडे सैन्याच्या मिलुइमला जावं लागलं. (इथे वर्दी उतरवली तरी सैन्य दर वर्षी हाक मारतं.) जाताना मला, त्याच्या इमाला म्हणजे आईला, बजावून गेला, "इमा, कॉम्प्युटर बंद करू नकोस. हात लावू नकोस." हात मी लावला नाही. फडकं लावलं! कळांवरची धूळ पुसताना पडद्यावरचा माणूस दोन पावलं चालला, आणि भुताने त्याला खाल्लं.

 लेकाचा एकुलता एक माणूस, आणि मी तो धूळ झाडताना मारला! त्याला जिवंत करावं म्हणून एक कळ दाबली, तो पुन्हा पहिल्या मजल्यावर उभा राहिला. चला, बरं झालं! एवढ्यात पुन्हा भूत. आता मला रागच आला. ठोकळे नीट पाहिले, आणि लक्षात आलं, अरे, हा तर आपला फ्रिज! हे टेबल, हे शिवणाचं मशीन. आधी हे गॅलरीत काढलं की झालं!

त्या तीन आठवड्यांत भात चार वेळा लागला. हे विचारत, "आजही लागला?" मी म्हणे, "गॅसच तसा आहे." तिसऱ्या आठवड्यात मी सातव्या मजल्याचं सोनेरी दार उघडलं. एकदा नाही, रोज! सकाळी भांडी झाली की एक फेरी.

रोनेन परत आला तेव्हा सांगायला हवं होतं. दोनदा मी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि "जेवायला चल" म्हणून परत आले. हात लावू नको म्हटलं असताना लावला होता ना!

पुढे खेळ पुरा झाला. तेल अवीवची एक कंपनी तो बाजारात आणायला तयार होती, पण आधी कॉम्प्युटर-खेळांच्या एका मासिकात त्याच्याबद्दल काय छापून येतं ते बघू म्हणाली. मासिकाचा माणूस आमच्या घरी येऊन खेळून बघणार होता. त्याचं नाव नोआम. त्या दिवशी रोनेनने सकाळपासून तीन शर्ट बदलले.

"इमा, हा खेळ कठीण आहे, तीच त्याची गंमत आहे," तो मला म्हणाला. "पहिल्या दिवशी कुणालाही तिसऱ्या मजल्याखाली जाता येत नाही. तो हरेल, चिडेल, पुन्हा खेळेल. चिडू दे. तू फक्त चहा ठेव आणि स्वयंपाकघरात बस. बेसेदेर?"

"बेसेदेर, ठीक आहे," मी म्हटलं. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं! मनातल्या मनात एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताला नवसही बोलून ठेवला, "चांगलं छापून येऊ दे, मलिदा करीन."

नोआम आला. काडीसारखा, जाड चष्म्याचा, सकाळपासून काही खाल्लं नसावं असा. खेळायला बसला आणि मेला. पुन्हा मेला. मी स्वयंपाकघरातून मोजत होते. अकरा वेळा! पाहुणा घरात आलेला, त्याच्या पोटात अन्न नाही, आणि माझ्या लेकाची भुतं त्याला अकरा वेळा खातात! कोकणातून सामान थोडं आणलं असेल आम्ही, पण पाहुण्याला असं वागवायची रीत नव्हती आणली.

तेवढ्यात रोनेनच्या मित्राचा फोन आला. त्याला इमारत सापडत नव्हती. रोनेन त्याला आणायला खाली गेला. मी म्हटलं, एवढ्यात चहा आणि करंज्या देऊन येऊ. ट्रे घेऊन मागे उभी राहिले, तर नोआम बाराव्या डावात एक ठोकळा सरळ कोपऱ्यात ढकलत होता. फ्रिज भिंतीत!

"लो!" मी ओरडले. "नाही!"

नोआम दचकला. मीही दचकले. मग त्याने हळूच विचारलं, "मग कुठे?"

आता काय करणार? विचारल्यावर सांगायला नको?

"यमीना," मी म्हटलं.

ठोकळा सरकला. वाट मोकळी!

"आता स्मोला. अजून. थांब, भूत जाऊ दे. हं, चल!"

मला काय झालं कोण जाणे. ट्रे हातात, नजर पडद्यावर, आणि तोंड पेसाखच्या आधीसारखं सुटलेलं. आवाज ऐकून हेही आले आणि माझ्या खांद्यावरून मराठीत सुरू झाले, "अगं, त्याला सांग, आधी ती मागची पेटी काढ! बंदरात आम्ही आधी मागचीच काढायचो!"

"तुम्ही गप्प बसा! यमीना, नोआम, यमीना!"

तिसरा मजला, चौथा, पाचवा. नोआमच्या चष्म्यावर घाम. सहावा. सातवा! सोनेरी दार उघडलं, वाजंत्री वाजली, नोआमने खुर्चीवरून उडी मारली, आणि टाळ्या वाजवायच्या म्हणून मी ट्रे कुठे ठेवू ते बघायला वळले.

दारात रोनेन उभा होता, मागे त्याचा मित्र. किती वेळ, देव जाणे.

"इमा," तो म्हणाला, "तू हे कधी शिकलीस?"

"तू मिलुइमला होतास तेव्हा."

 नोआमने माझे दोन्ही हात धरून "तोदा, तोदा!" म्हणून आभार मानले, सात करंज्या खाल्ल्या आणि आनंदाने गेला. मी स्वतःला समजावलं, पाहुणा खूश तर लिहिणंही खूश!

मासिक आलं. हे चष्मा लावून वाचायला बसले. एक एक ओळ वाचून मराठीत सांगत होते.

"चित्रं सुंदर आहेत म्हणतो. कल्पना नवी आहे म्हणतो. पण..." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण काय?"

"फारच सोपा आहे म्हणतो. बनवणाऱ्याच्या आईने हातातला चहाचा ट्रेही खाली न ठेवता तो एका बैठकीत संपवून दाखवला म्हणतो. दहापैकी पाच." ह्यांनी पान उलटलं. "शेवटी लिहिलंय, करंज्या मात्र अप्रतिम."

कंपनीने कळवलं, सोपे खेळ आमच्याकडे पुष्कळ आहेत. रोनेनने ज्या ओळखीच्यांना खेळ दिला होता त्यांचे फोन येत राहिले: अरे, दुसऱ्या मजल्यावर अडकलोय, काहीतरी सांग! पण फोनवरचं कोण छापतं? रोनेनने मासिकाला पत्र लिहायला घेतलं, की माझी आई काही साधी बाई नाही. दोन ओळी लिहिल्या आणि फाडलं. मग दूर बेर्शेबा शहरात एका ऑफिसात नोकरी धरली. माझ्यावर तो एकदाही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. ठोकळा तरी हलला असता.

आणि नवसाचं काय? चांगलं छापून यावं एवढंच मी मागितलं होतं. कशाबद्दल, ते सांगायचं राहिलं! करंज्यांबद्दल आलं होतंच. नबीला फसवायचं कसं? मलिदा केला. पोहे, नारळ, साखर, पाच फळं. रोनेन बेर्शेबाहून आला, वाटीभर खाल्ला आणि परत गेला. 

तेव्हाच मी ठरवलं, आता घरातही तोंड उघडायचं नाही.

पेसाख आला. रोनेन सामान हलवायला आला. मी दारात उभी, ओठ मिटलेले. त्याने आधी टेबल काढलं. चूक! मग मशीन बोळात. चूक! मी जीभ चावली. कपाट बोळात तिरकं अडकलं आणि पलीकडे न्हाणीघरात पुन्हा हे!

"अगं, बोल की काहीतरी!" हे आतून ओरडले. "आता कुठलं मासिक यायचंय?"

तास गेला. रोनेन घामाघूम होऊन जमिनीवर बसला. "इमा," तो म्हणाला, "सांग ना."

"यमीना," मी अगदी हळू म्हटलं. "मग थोडं स्मोला."

कपाट लोण्यासारखं सरकलं. रोनेन त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"खरंच," तो म्हणाला, "फारच सोपं आहे."

आणि या वेळी तर माझ्या हातात ट्रेसुद्धा नव्हता!