चिंचेनं घासलेला सम्राट

जुनं नाणं कधी घासू नये, हे रोमन काकांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "त्याचा काळेपणा काढलास की किंमत गेली." आणि हेच काका दर लक्ष्मीपूजनाला चिंच भिजवून एक रोमन नाणं खसाखसा घासत बसत.

जुनी रोमन नाणी जमवायचे म्हणून सगळे त्यांना रोमन काका म्हणत. इथे परदेशात, पापाटोएटो उपनगरातल्या त्यांच्या घरात मी भाड्यानं राहायचो. काकू वारल्या होत्या, मुलगा दूर हॅमिल्टन शहरात, रोटोटुनाला. काकांना बोलायला मी आणि रोमचे सम्राट, एवढेच उरलो होतो. डेअरीत दूध महागलं की परतीच्या वाटेवर रोम सुरू होई. "खजिना आटला की सम्राट नाण्यातली चांदी कमी करायचे. चेहरा तोच, दिमाख तोच. शेवटी तर तांब्यावर नुसता चांदीचा मुलामा. पण पाववाला खुळा नव्हता, तो जास्त नाणी मागायचा."

"काका, शिफ्टला लेट होतंय."

"जा बाबा. तुमच्या कार्डाला तर चेहराही नाही."

ते घासायचं नाणं असंच मुलाम्याचं. इथल्या पहिल्या दिवाळीत पूजेची तांब्यापितळेची भांडी घासताना काकूंनी तेही चिंचेत घातलं. लक्ष्मीपुढे काळं नाणं कसं ठेवायचं? काळेपणाबरोबर मुलामाही गेला. काका इतके चिडले की जेवले नाहीत. काकू शांतपणे म्हणाल्या, "चिंचेनं जाते ती कसली चांदी? फसवलं सम्राटानं, आणि रागावता माझ्यावर."

हे सांगताना काका पोट धरून हसत. हसू ओसरलं की घर फार रिकामं वाटायचं. मला तर तिथून पळावंसं वाटे.

मी शिफ्टला असताना काकांना चक्कर आली, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता एकटं राहायचं नाही." घर विकायचं ठरलं. काकांना जायचं नव्हतं, पण ते वाद घालणाऱ्यातले नव्हते. नाण्यांची पेटी घेऊन मीच त्यांना एका व्यापाऱ्याकडे नेलं. त्यानं सगळी घेतली, फक्त ते तांबडं नाणं परत सरकवलं. "सॉरी मेट, हे कुणीतरी घासून वाट लावलीय."

"माझ्या बायकोनं," काका म्हणाले, आणि तो पुढे काही बोलायच्या आत नाणं खिशात गेलं. इतकी घाई मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती.

रोटोटुनाला त्यांनी दोन दिवाळ्या पाहिल्या. नातवाला मराठी समजायचं, पण तो उत्तर इंग्रजीत द्यायचा. फोनवर काका म्हणत, "इथे सगळे चांगले आहेत रे. रोमबद्दल कुणी विचारत नाही, एवढंच."

काका गेल्यावर त्यांच्या मुलानं मला एक तांब्याची चकती दिली. "बाबांच्या खिशात होती. कसली आहे, माहितीय?"

सम्राटाचं नाक, डोळे, मुकुट, काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "तुमच्या आईंची आहे."

यंदा लक्ष्मीपूजनाला मी चिंच भिजवली. त्या नाण्यावर घासण्यासारखं काही राहिलेलं नाही. तरी घासलं.