बर्फाच्या कारखान्यात स्वेटर

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला आमच्या कॉलेजचं कोडैकानलचं शिबिर आठवतं. तंबूत राहायचं होतं, आणि आमच्या तंजावुरात लोकरीचे कपडे कोणाकडे असणार? अप्पांनी दिल्लीहून परतलेल्या शेजाऱ्यांकडून डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा एक जाड स्वेटर मागून आणला, पण तो पुरेल की नाही या काळजीने त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी मला मोपेडवर बसवलं आणि पापनाशमच्या वाटेवरच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं. अप्पांनी येण्याचं कारण सांगितल्यावर मालक पोट धरून हसला, पण त्याने बर्फाच्या खोलीचं दार उघडून दिलं. आत लाद्यांवरून पांढरी वाफ निघत होती. मी स्वेटर, कानटोपी आणि जीन्स घालून उभी राहिले. अप्पा मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि पातळ वेष्टीत, म्हणजे लुंगीसारख्या नेसलेल्या धोतरात. "सांग मा, कुठे थंड लागते?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "गुडघ्यांना," मी म्हटलं. "मग जीन्स नको. लोकरीची विजार शोधू." बोलताना त्यांचे दात वाजत होते, तरी माझे हात, कान, पाय सगळं विचारून झाल्याशिवाय ते बाहेर निघाले नाहीत. डोंगरावर मैत्रिणी कुडकुडत बसल्या, मला मात्र गाढ झोप लागली. परतल्यावर अप्पांनी हळूच विचारलं, "धुकं हाताला लागते का ग?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांनी जन्मात थंड गाव पाहिलं नव्हतं. येत्या डिसेंबरात मी त्यांना तिकडे नेणार आहे. ते म्हणतात, "मला कशाला स्वेटर? वेष्टी पुरे."