काशम्माचं हातानं बोलणं

सिद्रामप्पाला बहिरा म्हटलेलं खपत नसे. ऐकायला कान लागतात हेच मुळी त्याला मान्य नव्हतं. सोलापुरात एका गिरणीच्या साचेखात्यात त्याचा जन्म गेला. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायला लागले की माणसाच्या तोंडातला शब्द ओठावरच मरतो. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायची, आणि कुणी लांब असला तर हातानं खुणा करायची. चिमूट धरून झटकन सोडली की दोरा तुटला. पाची बोटं तोंडाशी नेली की जेव. छातीवर तळवा ठेवला की समजलं. मिशीला पीळ दिला की खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर आला, कामाला लागा. पुढं एक बिनमिशीचा जॉबर आला, तरी खूण तीच राहिली. त्या बिचाऱ्याला कितीतरी दिवस वाटायचं, ह्या खात्यातल्या लोकांना मिशीचा भारीच शौक.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला सिद्रामप्पा रिटायर झाला आणि नवराबायको कंबर तलावाच्या काठाला एका खोलीत राहायला आले. हट्ट काशम्माचा. "जन्मभर तुमच्या अंगाचा सुताचा वास घेतला. आता जरा पाण्यावरचा वारा घेऊ द्या की, री," आपल्या कानडी वळणानं म्हणाली. लेकरूबाळ नव्हतं. सकाळी तिनं भाकरी थापायची, ह्यानं चूल फुंकायची, आणि उन्हं कलली की दोघांनी करंजाच्या झाडाखाली बसून बदकं बघायची, एवढाच धंदा. पलीकडच्या झाडाखाली बडेसाब शेंगा विकायला बसे. तो साचेखात्यातला शेजारी, कानानं तसलाच. दोघं गुपित बोलायला लागले की समोरच्या काठावरची धुणं धुणारी माणसं हात थांबवून ऐकायची.

हे सुख जत्रेपर्यंत टिकलं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात काशम्माच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड डावीकडं ओढलं गेलं. हळूहळू ती बोलायला लागली. बोबडं, पण कळण्यासारखं. शेजारच्या मुक्ताबाईला कळे, दूधवाल्याला कळे. एकट्या सिद्रामप्पाला कळेना. त्यानं जन्मभर बायकोचं बोलणं तिच्या ओठांवरनं उचललेलं, आणि आता ओठच तिरके झालेले.

मग मुक्ताबाई मधी उभी राहायला लागली. "आप्पा, पाणी मागत्यात." "आप्पा, उशी वर घ्या म्हणत्यात." बाई भली, पण नवराबायकोच्या मधी तिसरं माणूस. आणि एक गोष्ट अशी होती, की काशम्मा ती तिच्यापुढं बोलतच नव्हती. दोघंच असले की नवऱ्याकडं टक लावून काहीतरी सांगायला बघायची. ह्यानं मुक्ताबाईला हाक मारली की गप्प.

"काय म्हणती गं ही?"

"मला काय म्हाईत, आप्पा? मी आले की तोंड मिटत्यात. तुमच्या दोघांतलं असंल काहीतरी," असं म्हणून मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसायची.

सिद्रामप्पाला रात्रंदिवस तेच लागून राहिलं. काय सांगायचं असंल हिला?

चैत्र लागला. करंजाला कोवळी पालवी फुटली, पाणी काठापासून मागं सरलं. रोज संध्याकाळी तो बायकोला उचलून झाडाखाली आणून बसवी आणि तिच्या धडक्या डाव्या हाताला साचेखात्यातल्या खुणा शिकवी. आता साच्यावरच्या खुणा त्या. बायकोशी चार शब्द मायेचे बोलावेत तर त्यात काय सापडणार? पाणी दे, दोरा तुटला, जॉबर आला. पण काशम्मा शिकली. एकदा मुक्ताबाई लांबून येताना दिसली, तर हिनं नसलेल्या मिशीला पीळ दिला. जत्रेनंतर दोघं त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं ते सांगितलं. बोट स्वतःच्या छातीला लावलं. चिमूट धरली, झटकन सोडली. मग बोट त्याच्याकडं केलं आणि पाची बोटं त्याच्या तोंडाशी नेली.

माझा दोरा तुटला तरी तू जेव.

सिद्रामप्पाला लख्ख कळलं. तिला ठाऊक होतं, ती माहेरी गेली की हा दोन-दोन दिवस चहावर काढतो. पण त्यानं मान हलवली. "काय कळंना बघ. उद्या सांग."

तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. रोज ह्याचं एकच, काय कळंना बघ. त्याच्या मनानं एक खुळा हिशेब धरला होता: कळलं म्हटलं की हिचं सांगून संपलं, आणि संपलं की ही गेली. जोवर कळत नाही, तोवर उद्या सांगायला तिला राहावं लागंल.

बडेसाब हे पलीकडनं बघत होता. त्याला ती भाषा कुणी शिकवायला नको होती. एक दिवस तो शेंगांची पुडी घेऊन आला, काशम्माकडं पाठ करून उभा राहिला, आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाला, "मला तितनं कळतंय आन् तुला हितं कळंना व्हय रे? भाभीचा हात थरथरतोय. किती दमवतोस तिला?"

बडेसाब पुडी ठेवून निघून गेला.

काशम्मानं परत हात उचलला. स्वतःकडं बोट, तुटलेला दोरा, त्याच्याकडं बोट. पाची बोटं त्याच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत त्यानं तिचा हात धरला, आणि आपला दुसरा तळवा छातीवर ठेवला.

"जेवीन," म्हणाला. "रोज जेवीन."

तिनं हात सोडवून घेतला, मांडीवर ठेवला, आणि पाण्याकडं बघायला लागली. पुढं ती पाणी मागे, उशी मागे, मुक्ताबाई दिसली की मिशीही पिळे. पण ते तिनं परत म्हणून सांगितलं नाही. तो झाडाखाली बसून वाट बघायचा. तिचं सांगून झालं होतं.

अक्षय्य तृतीया होऊन गेली आणि एका पहाटे काशम्मा गेली.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं भाकरी, पिठलं आणून पुढं ठेवलं. पाण्याच्या घोटाबरोबर त्यानं एकेक घास ढकलायला सुरुवात केली. अंगणापलीकडं दोन बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्याला कुटं ऐकू येतंय म्हणून निवांत बोलत होत्या. त्यांचे ओठ त्याला स्वच्छ दिसत होते.

"बघ की, बायकोची माती वाळली न्हाय अजून, आन् ह्यो कसा जेवतोय."

सिद्रामप्पानं डोळे पुसले आणि मुक्ताबाईकडं बघून आणखी अर्धी भाकरी मागितली.