आत्याबाई, ग्रहणाचं सांगा

माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. गेलं म्हणजे काढावं लागलं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत बराच वेळ मशीन पोटावर फिरवलं, मग माझ्या नवऱ्याला आत बोलावलं. मणका उघडा, डोक्यात पाणी, हृदयात छिद्र, एकच किडनी. जन्मलं तरी जगणार नाही, म्हणाल्या.

आठच दिवसांपूर्वी ग्रहण झालं होतं आणि त्या वेळात मी वांगी चिरली होती. भातकुलीला घरी आल्याबरोबर सासूनं ते धरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच. "ग्रहणात इळीवर बसली. मी सांगून राहिली होती, आयकते कोन? तेल्हाऱ्याच्या पोरी अशाच!" तेल्हाऱ्याहून माझी आई आली होती, तिच्या तोंडावरही हेच म्हणाली. मी मान वर केली नाही. मला चारचौघांत बोलताच येत नसे.

पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "हे सगळं पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतं. ग्रहणाचा काही संबंध नाही. तेव्हा तू काय करत होतीस?"

तेव्हा कपाशीवर फवारणी चालू होती. ड्रममधलं औषध ढवळायला काठी सापडेना, तर सासू म्हणाली, हात घाल. मला दिवस गेलेत हे तिला ठाऊक होतं. माझ्या हाताचा वास महिनाभर गेला नाही.

"त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूनं कुंकवाचा करंडा माझ्या हातून काढून घेतला. मी दहा-बारा बायांसमोर बोलले, "आत्याबाई, ग्रहण पाचव्या महिन्यात झालं. दुसऱ्या महिन्यात माह्या हातानं औषध कोनं ढवळून घेतलं, थेही सांगा न यायले."

तेव्हापासून घरी नवी बाई आली की मी चहा ठेवते आणि म्हणते, "आत्याबाई, ग्रहणाचं सांगा न." ती उठून आत जाते. नवरा म्हणतो, "पुरे कर आता, बुढी झाली थे." मी पुरे करत नाही.

परवा तिला ताप होता. मी पाय दाबत होते. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाई, चुकलं माहं."

"मोठ्यानं म्हना," मी म्हटलं. "शेजारीण ओट्यावर बसली हाय."

तिनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मी पाय दाबायचं थांबवलं.