धुळ्याच्या सरांचा ऑनलाइन तास

ऑनलाइन तासाचे किस्से जमवावे लागत नाहीत. मोबाईल उघडला की दोन-चार पदरात पडतातच. आमच्या टी. वाय. बॉटनीच्या वर्गाने तर वर्षभर दुसरं काही मिळवलंच नाही!

झालं असं, की आमच्या जळगावच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरलीच नाही. मग धुळ्याचे एक निवृत्त सर आम्हाला घरून ऑनलाइन शिकवू लागले. सर भला माणूस! पण प्रॅक्टिकल परीक्षेत खोडाचा पातळ काप ब्लेडने हातानेच घ्यायचा असतो. तो स्क्रीनवर बघून कसा येणार? परीक्षा तोंडावर आली, आणि आमच्यातल्या एकालाही ब्लेड धड धरता येत नव्हतं.

*

एकदा सर म्हणाले, "घराजवळ जे झाड असेल त्याचा काप घेऊन दाखवा."

यावलच्या जितूच्या घराजवळ काय असणार? केळीच! त्याने कॅमेऱ्यासमोर ताटाएवढी चकती धरली. स्क्रीनवर जितू दिसेचना.

"जितू, फार जाड झालाय रे."

"सर, याच्याहून बारीक कोयत्यानं होत नाही!"

*

नरडाण्याची उज्ज्वला ओसरीवर मोबाईल ठेवून तासाला बसली होती. सरांनी प्रश्न विचारला. सर हाका मारतायत, ही हूं की चूं करत नाही. शेवटी मागून तिच्या आबांचा आवाज आला, "मास्तर घर येल शेतस, कव्हयना हाका मारी ऱ्हायनात, नि तू त्यास्ले पाणी बी ईचारत नही?"

आवाज ऐकून आबांना वाटलं, मास्तर घरीच आलेत! बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या वर्गाने ते ऐकलं! सर म्हणाले, "आबा, पाणी राहू द्या, तिला उत्तर द्यायला सांगा!"

*

माझाही एक किस्सा आहे. मी चाळीसगावची. एका तासाला मी एस.टी.त होते आणि माझा माईक चुकून चालू राहिला. कंडक्टरने टिंग टिंग केलं. सरांना आयुष्यभराची सवय, बेल झाली की खडू खाली! "बरं, उरलेलं उद्या," म्हणाले आणि तास संपवून मोकळे झाले. आणखी अर्धा तास बाकी होता.

हसू आलं, पण त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. हे असंच चाललं तर आम्ही नापास होणार होतो, आणि खापर आमच्याच डोक्यावर फुटणार होतं.

*

म्हणून आम्ही सगळे प्राचार्यांकडे गेलो. सरांना परीक्षेआधी निदान एकदा तरी बोलवा, एवढंच मागणं होतं.

"ऑनलाइन उत्तम चाललंय की! हजेरी बघा, पूर्ण आहे!"

जितू म्हणाला, "सर, ती हजेरी मोबाईलची आहे. परीक्षेला मोबाईलच बसवता का?"

प्राचार्य तापले. "सर तिकडे धुळ्याला, तुम्ही इकडे जळगावला. भेटणार कसे? निघा आता!"

मला असा संताप आला! धुळं काय परदेशात आहे? "निघा" म्हणालात ना? निघतो!

*

पुढच्या तासाच्या दिवशी सकाळीच आम्ही बठ्ठे धुळ्याच्या गाडीत बसलो. पिशवीत ब्लेडची पाकिटं आणि सूर्यफुलाची खोडं होती. जितूने कोयता घरी ठेवला होता. उज्ज्वलाची आत्या सरांच्याच गल्लीत राहते, त्यामुळे घर शोधावं लागलं नाही. फाटकाबाहेर ओळीने उभे राहिलो आणि वेळेवर तासाला जॉईन झालो.

"कॅमेरा ऑन करा रे," सर नेहमीसारखे म्हणाले. "वर्षभर मी भिंतीशी बोलतोय!"

आम्ही केले. सगळ्यांनी, एकदम. प्रत्येकाच्या मागे तेच हिरवं फाटक, तीच स्कूटर.

"अरे वा! पण सगळ्यांनी एकच बॅकग्राउंड का लावलंय? आणि माझ्या घराचा फोटो तुम्हाला मिळाला कुठून?"

उज्ज्वलाने बेल दाबली. ती घरात वाजली आणि आमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्येही वाजली.

"एक मिनिट हं मुलांनो, लाइनवरच थांबा," सर म्हणाले. "दारात कोणीतरी आलंय!"